देवयानी जवळ का येते?

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, सगळ्या दीर्घिका लांब पळतायत, मग देवयानी आपल्याकडे कशी येते?" मी रेंज गेल्याचं सांगून सुटलो. खरं म्हणजे मला उत्तर येत नव्हतं. दोन दिवस वाचत बसलो.

गंमत बघ, वेग मोजलेली पहिली दीर्घिका (ताऱ्यांचा प्रचंड समूह) हीच, आपली शेजारीण देवयानी, म्हणजे अँड्रोमेडा. १९१२ साली ॲरिझोनातल्या लॉवेल वेधशाळेत स्लायफर या खगोलशास्त्रज्ञाने तिचा वर्णपट, म्हणजे प्रकाशाचा रंगांत फोडलेला पट्टा, घेतला. त्यातल्या रेषा निळ्या रंगाकडे सरकलेल्या, म्हणजे ती सेकंदाला ३०० किमी वेगाने इकडे येतेय. ती दीर्घिका आहे हे तेव्हा त्यालाही ठाऊक नव्हतं! १९१७पर्यंत त्याने असे २५ तेजोमेघ (तेव्हा दीर्घिकांना असंच म्हणत) मोजले. त्यातले २१ लांब जाणारे निघाले.

विश्वाचं प्रसरण अंतरागणिक वाढतं: दर ३२.६ लाख प्रकाशवर्षांना सेकंदाला साधारण ७० किमी. देवयानी २५ लाखांवर, म्हणजे तिच्या वाट्याला जेमतेम ५०-५५ किमी. इतक्या जवळ गुरुत्वाकर्षण भारी पडतं. पूर्वी ती आणि आपली आकाशगंगाही एकमेकींपासून लांबच जात होत्या. ओढीने वेग मंदावला, थांबला, उलटला. वर फेकलेला चेंडू परत येतो तसं.

त्या ३०० मध्येही मोठा वाटा आपलाच. सूर्य आकाशगंगेभोवती फिरताना सध्या बराचसा तिच्याच दिशेने धावतोय. ते वजा केलं की दोन दीर्घिकांमधला खरा वेग ११०च्या आसपास उरतो.

मला चक्रावून टाकलं ते एम-८६ या दीर्घिकेने. ती पाच कोटी प्रकाशवर्षांपलीकडे, कन्या राशीतल्या दीर्घिकांच्या गर्दीत आहे, तरी आपल्याकडे येतेय. ती गर्दी एकूण लांबच चाललीय, सेकंदाला हजारेक किमीने. पण मोहोळातल्या माशा कशा सैरावैरा असतात! एम-८६ त्या समूहाच्या ओढीने आपल्या दिशेला इतकी सुसाट पडतेय की प्रसरणाचा वेग फिटून वर उरतो.

देवयानीची आपल्या आकाशगंगेशी टक्कर नक्की, असं आत्तापर्यंत सांगत. २०२५च्या नव्या गणितात पुढच्या १० अब्ज वर्षांत ती होण्याची शक्यता निम्मीच निघाली. तुझ्या आईला हे सांगितलं तर म्हणाली, "आधी गॅसचा नंबर लावा."

दिवाळीला येशीलच. लक्ष्मीपूजनाला धुरात काही दिसायचं नाही. भाऊबीज झाली की रात्री नऊच्या सुमारास गावाबाहेर जाऊ. डोक्यावरून जरा उत्तरेला, देवयानीचा पुसट ठिपका. तुझी दुर्बीण घेऊन ये, माझ्या डोळ्यांचा आता भरवसा नाही.

तुझा,
बाबा