गाडी परत केली

पुणे,
९ फेब्रुवारी २०२५

ती. आई आणि ती. बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

दसऱ्याला घेतलेली गाडी मी विक्रेत्याला परत केली आहे. पैसे खात्यात जमा झाले आणि परवा आरसीवरून माझं नावही निघालं. हे आधी सांगते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला लागणार नाही. फोनवर हे सगळं नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे.

बाबा, नोव्हेंबरात तुम्हाला डोळ्यांच्या तपासणीला घेऊन येत होते, तेव्हा खंबाटकीच्या बोगद्याच्या अलीकडे गाडी बंद पडली. तुम्ही दीड तास रस्त्याच्या कडेला उन्हात उभे होता. मी तुम्हाला बॅटरी गेली असं सांगितलं. बॅटरी गेली नव्हती, आणि ते मला तेव्हाही कळत होतं. त्याआधी महिनाभर काही ना काही चाललं होतं. एक दिवस एअरबॅगचा दिवा लागायचा, दुसऱ्या दिवशी आपोआप जायचा. पावसाचा थेंब नसताना काचा आतून धुरकट व्हायच्या. एसी लावला की कुबट वास यायचा. गॅरेजमध्ये नेली की गाडी अगदी शहाण्यासारखी चालायची. तुमची दीड लाखाची एफडी मोडून घेतलेली गाडी बिघडलेली आहे हे तुम्हाला सांगायला माझी जीभ रेटली नाही. तीन महिने लपवलं. त्याबद्दल माफ करा.

खंबाटकीहून टो करून आणलेली गाडी गॅरेजमध्ये उभी होती. गॅरेजवाले काका म्हणाले, वायरिंगमध्ये कुठेतरी गंज आहे, पण कुठे ते सापडत नाही. त्या संध्याकाळी मला आई, तुझी शिलाई मशीन आठवली.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं आणि आपण विश्रामबागेत मावशीकडे होतो. पाणी उतरल्यावर गावभागातल्या घरात आलो, तर मशीन उभी होती, वरून बघितलं तर धड. बाबांनी ती धुतली, पुसली, तेल दिलं. चालली. पंधरा दिवसांनी अडकायला लागली. तेव्हा तू ती सगळी उघडलीस. बॉबिनच्या खाली, जिथे बोट जात नाही तिथे, गाळ वाळून दगड झाला होता. तू पिनेनं तो टोकरून काढत होतीस आणि मी शेजारी बसून कागदावर स्क्रू ओळीनं मांडत होते.

मी गॅरेजवाल्या काकांना सांगितलं, सीट काढा आणि गालिचा उचला. खाली गाळ होता. डिकीत स्टेपनी उचलली, त्या खळग्यात गाळ होता. ड्रायव्हरच्या बाजूचा पट्टा मी शेवटपर्यंत ओढला. एरवी जो भाग कधी बाहेर येतच नाही, त्या शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ होती. पाणी तिथपर्यंत चढलं होतं. सीटच्या खालचे बोल्ट वरून काळ्या रंगानं रंगवले होते, आतून पार खाल्लेले. काकांनी डॅशबोर्डखालचे वायरिंगचे कपलर सोडवले, तर पिना हिरव्या पडलेल्या. त्यांनीच समजावलं की तांब्यावर असा हिरवा थर चढला की कधी करंट जातो, कधी जात नाही. म्हणून बिघाड येतो आणि आपोआप जातो, म्हणून कोणाला सापडत नाही.

आणि आई, तो गाळ आपला नव्हता. कृष्णेचा गाळ काळा, वाळला की भेगा पडणारा. हा तांबूस होता. गाडीचा नंबर एमएच-०८, म्हणजे रत्नागिरी. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं होतं, टीव्हीवर बघताना तू जेवली नव्हतीस. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये चासी नंबर दिला, तेव्हा शेवटची नोंद ऑगस्ट २०२१ ची निघाली: गाडी पाण्यात बुडालेली, दुरुस्तीचा अंदाजखर्च दिला, दुरुस्ती केली नाही. त्यानंतर काहीच नाही. खर्च गाडीच्या विमा रकमेच्या ७५ टक्क्यांच्या वर गेला की विमा कंपनी गाडी पूर्ण गेली असं धरून मालकाला पैसे देते, आणि ती बुडालेली गाडी भंगाराच्या भावात विकली जाते. घेणारा ती धुतो, पॉलिश करतो, आत सुगंधी डबी ठेवतो. नाव बदलण्याच्या फॉर्मवर जुन्या मालकाच्या सह्या आधीच घेतलेल्या असतात, म्हणून आरसीवर मालक एकच दिसतो. आपण 'वन ओनर' बघून खूश झालो होतो.

बाबा, हे वाचून तुम्ही म्हणाल, 'गाडी पसंत मीच केली होती.' असं मनात आणू नका. जी गोष्ट मुद्दाम रंगवून झाकली होती ती तुम्हाला शोरूमच्या दिव्यात कशी दिसणार? उलट पैसे परत आले ते तुमच्यामुळे. विक्रेता म्हणत होता, दीड लाख रोख द्या, किंमत पंधरा हजारांनी कमी करतो. तुम्ही म्हणालात, एक रुपयाही रोख द्यायचा नाही, आणि पावतीवर पूर्ण रक्कम पाहिजे. ४,३५,००० रुपये बँकेतून गेले, पावती तेवढ्याचीच. रोख दिले असते तर ते दीड लाख दिले होते हे मी कशावरून दाखवलं असतं?

दुसरी गोष्ट मी केली होती. सांगलीचे आपण, म्हणून घेण्याआधी मी त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं होतं, रत्नागिरीची गाडी आहे, पाण्यात गेलेली नाही ना? त्याचं उत्तर आहे: "नाही मॅडम, साहेबांची गाडी आहे, बंगल्यात उभी असायची." ते उत्तर आणि त्याची जाहिरात मी मोबाइलमधून काढून छापून ठेवली. गाळ सापडला त्या दिवसापासून गाडी चालवली नाही, आणि मीटरचा फोटो तारखेसह काढून ठेवला.

पहिल्यांदा गेले तेव्हा तो नीट बोललाच नाही. पावतीवर शिक्का आहे, गाडी जशी आहे तशी विकली, आता काही होणार नाही, म्हणाला. मी घरी येऊन खूप रडले. मग दुसऱ्या दिवशी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि ऑफिसमधल्या मैत्रिणीच्या ओळखीतल्या वकीलबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, शिक्क्यानं लबाडी झाकता येत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सेवेतल्या त्रुटीच्या व्याख्येतच ग्राहकापासून महत्त्वाची माहिती मुद्दाम लपवणं धरलेलं आहे. तक्रार मी राहते त्या जिल्ह्यात करता येते, दोन वर्षांची मुदत असते आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. त्यांनी नोटीस लिहिली, मी ती रजिस्टर पोस्टानं पोचपावतीसह पाठवली. त्यात आणखी एक प्रश्न होता. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्या विकणाऱ्याला आरटीओचं अधिकारपत्र लागतं, ते दाखवा. मला वाटतं, त्या एका ओळीनं काम केलं. पंधरा दिवसांची मुदत दिली होती, अकराव्या दिवशी त्याचा फोन आला.

वापराचे म्हणून त्याला ४० हजार कापायचे होते. मी नाही म्हणाले. शेवटी गाडीची पूर्ण किंमत त्यानं दिली. नाव बदलण्याचा खर्च, विमा आणि गॅरेजचं बिल मी सोडून दिलं. ते मिळून तीसेक हजार रुपये गेले. ग्राहक आयोगात गेले असते तर कदाचित तेही मिळाले असते आणि मनस्तापाची भरपाईही. पण तारखा पडत राहिल्या असत्या, तोवर गाडी पार्किंगमध्ये कुजत राहिली असती, आणि बाबा, तुमची एफडी त्यात अडकून राहिली असती. ते मला नको होतं.

आरटीजीएसचे पैसे खात्यात दिसल्यावरच मी नाव बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सही केली. चावी दिली तरी मन थाऱ्यावर नव्हतं, कारण आरसीवर माझं नाव असेपर्यंत त्या गाडीनं काही अपघात केला असता तर भरपाईसाठी मलाच धरलं असतं. रोज सकाळी ऑफिसला निघण्याआधी परिवहनच्या अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून बघायचे. परवा मालकाच्या रकान्यात दुसरं नाव दिसलं.

एक गोष्ट अजून खुपते आहे. गाडी त्याच्याकडे परत गेली, म्हणजे तो ती पुन्हा कोणाला तरी विकेल. तडजोडीच्या कागदावर मी "सदर वाहन पुराच्या पाण्यात बुडालेले असून ही बाब विक्रेत्यास मान्य आहे" हे वाक्य घालायला लावलं, त्यासाठी तासभर वाद झाला. वकीलबाई म्हणाल्या, पुढच्या ग्राहकाला हा कागद दिसणार नाही. तरी मी ते वाक्य घालायला लावलं. आता ओळखीतलं कोणी जुनी गाडी बघायला निघालं की मी सोबत जाते, आधी पट्टा ओढते, मग स्टेपनी उचलायला लावते. गेल्या रविवारी कोथरूडला एकांसोबत गेले होते. ती गाडी चांगली निघाली.

बाबा, तुमचे १,५०,००० आज तुमच्या खात्यावर पाठवले आहेत. पुन्हा एफडीत टाका. नको म्हणू नका, पुढची गाडी मी माझ्या पैशांनी घेईन आणि सावकाश घेईन. मार्चच्या तपासणीला मी कोयना एक्सप्रेसनं येते आणि तुम्हा दोघांना सोबतच घेऊन परत फिरते. डॉक्टरांनी कोणती तारीख दिली ते कळवा, म्हणजे तिकिटं काढते.

आई, डॅशबोर्डवर तू बसवलेला गणपती मी चावी देण्याआधी सोडवून घेतला. त्याच्या पायाशी दसऱ्याचं हळद-कुंकू अजून आहे, ते पुसलं नाही. मार्चमध्ये येताना घेऊन येते.

तुमची,
मनू