हाराड्सच्या जंगलातील त्या अनोळखी माणसांचे आभार

स्वीडनच्या उत्तर भागातील हाराड्स या गावी, पाइनच्या झाडांमध्ये २०१० साली सुरू झालेल्या 'ट्रीहोटेल'मधील 'मिररक्यूब' या खोलीत मी आणि माझी आई फेब्रुवारीतील एक रात्र राहिलो. ज्यांच्यामुळे आम्ही तेथवर पोहोचलो, त्यांची नावे विचारायचे राहूनच गेले, म्हणून हे जाहीर आभार.

लुलिओहून येताना आमची गाडी बर्फावरून घसरून रस्त्याकडेच्या चरात अडकली, तेव्हा मागून आलेल्या एका वयस्कर दांपत्याने स्वतःच्या गाडीला दोर बांधून ती बाहेर ओढून काढली. त्या बाईंनी तर आपले लोकरी हातमोजे काढून आईच्या हातांत घातले आणि परत घेण्यास ठाम नकार दिला. ते हातमोजे आईने आजही जपून ठेवले आहेत.

चार मीटर लांबी, रुंदी आणि उंचीचा तो आरशांचा घन, म्हणजे आमची खोली, भोवतालचे जंगल इतके हुबेहूब दाखवतो, की अंधारात आम्हाला तो दिसलाच नाही. पक्ष्यांना मात्र दिसावा, यासाठी काचांवर खास थर दिलेला आहे, हे आम्हाला सांगणाऱ्या तरुण कर्मचारी मुलीने, गुडघेदुखीने त्रस्त असलेल्या आईचा हात धरून, निसरड्या पुलावरून एकेक पाऊल टाकत तिला खोलीपर्यंत नेले. पहाटे खिडकीतून बर्फाने वाकलेल्या फांद्या पाहताना आई पुन्हा पुन्हा तिचीच आठवण काढत होती.

आपणा सर्वांचे आम्ही मनःपूर्वक ऋणी आहोत.