करप्याला टिकणारं बटाट्याचं बेणं आमच्यापर्यंत कधी येणार?

संपादक साहेब, नमस्कार.

मी चंदगड तालुक्यातला. दारात चार म्हशी, घर चालतं ते दुधाच्या बिलावर. पेंड महागली की बिलातलं हातात काय राहत नाही, आणि २०२२ ला लम्पीत गल्लीतल्या गाया खाली बसलेल्या बघितल्या तेव्हाच ठरवलं की एकट्या दुधावर राहायचं नाही, जोडीला दुसरं पीक पाहिजेच.

बटाटा आमच्याकडं नवा नाही. लाल माती आहे, गोठ्याचं शेणखत आहे, बेळगावचं मार्केट जवळ आहे. घात करतो तो करपा. आठ दिवस धुकं आणि झिमझिम पाऊस लागला की पानावर काळे डाग, मागच्या बाजूला पांढरी बुरशी आणि बघता बघता सगळं रान काळं पडतं. औषध मारावं तर संध्याकाळच्या पावसात धुऊन जातं, माझे दहा गुंठे असेच गेले. १८४५ ला आयर्लंडमध्ये दुष्काळ पडला तो ह्याच रोगानं.

तिकडं वेल्समध्ये, तो पण मेंढ्या-गायींचाच मुलूख, हंगेरीच्या सारवारी कुटुंबानं काढलेल्या बटाट्याच्या सारपो जातींवर काम झालं, त्या करप्याला चांगल्या टिकतात. आणि लांब कशाला, आपल्याच शिमल्याच्या बटाटा संशोधन संस्थेची कुफरी गिरधारी ही करप्याला टिकणारी जात आहे की, डोंगराळ भागासाठीच काढलेली. १९६८ ची कुफरी ज्योती पण आधी करप्याला टिकायची, पण बुरशी बदलली आणि ती ताकद गेली. म्हणून नवीन जात आली की फवारणी बंद असं मी म्हणत नाही, पण चार फवारण्या वाचल्या तरी आमच्यासारख्याला लई झालं.

एकरी दहा-बारा क्विंटल बेणं लागतं, सगळ्यात मोठा खर्च तोच, त्यामुळं न बघितलेल्या जातीवर कोण पैसे घालणार? कृषी खात्यानं चंदगड, आजरा, राधानगरीत पाच-पाच गुंठ्याचे प्लॉट करून दाखवावेत, आमच्या पावसात काय टिकतं ते आम्ही डोळ्यानं बघू.

दूधवाल्या भावांना एक सांगतो, बटाट्याचा पाला आणि हिरवे पडलेले, मोड आलेले बटाटे जनावरांना अजिबात घालू नका, त्यात सोलॅनिन असतं, ते विषारी आहे.

खरीपाचं बेणं मे महिन्यात हातात पाहिजे, म्हणून हे पत्र लवकर छापा ही विनंती.

एक दूध उत्पादक शेतकरी,
ता. चंदगड, जि. कोल्हापूर