दोन खोल्यांमधली लाकडी पट्टी

महोदय,

दोन खोल्यांच्या जमिनी जिथे मिळतात तिथल्या लाकडी पट्टीकडे एरवी कोणी पाहत नाही आणि ठेच लागली की दोष मात्र तिलाच दिला जातो. आमच्या घरी कारागिराने ही पट्टी, तळाला न चिकटवता नुसत्या जोडून अंथरलेल्या लाकडी फळ्यांनाच स्क्रूने आवळली. दमट हवेत लाकूड फुगले, त्याला सरकायला वाव उरला नाही आणि दाराशी जमीन फुगवटा धरून वर आली. अशा जमिनीच्या कडेला साधारण 8 ते 10 मिलिमीटर फट सोडतात. पट्टीने ती झाकायची असते, बुजवायची नव्हे, म्हणून पट्टी फटीतून खालच्या कोब्यालाच जखडावी. दोन्हीकडची उंची वेगळी असल्यास एका अंगाने उतरती तासलेली पट्टी घ्यावी. माप चौकटीच्या दोन्ही कडांना स्वतंत्रपणे घ्यावे, कारण चौकट क्वचितच काटकोनात असते (सुतार हे कबूल करत नाहीत, ती गोष्ट वेगळी). स्क्रूआधी बारीक भोक न पाडल्यास पट्टीचे टोक चिरते. दाराखालची फटही आधीच मोजावी. आमचे दार पट्टी बसल्यावर उघडेचना.

– एक वाचक