चहा सोडलेल्या दोस्ताला

नेरूळ, नवी मुंबई
१४ सप्टेंबर २०२५

प्रिय दत्ता,

पत्र बघून दचकू नकोस, सगळे बरे आहेत. फोनवर तू दर दोन वाक्यांनी मधे बोलतोस आणि ही गोष्ट मधे न बोलता ऐकायची आहे, म्हणून कागद घेतला.

परवा वहिनींचा आईला फोन आला होता. गौरी-गणपतीचं झालं, पावसाचं झालं, आणि मग त्या सहज म्हणाल्या, की ह्यांनी फेब्रुवारीपासून चहा सोडलाय. तुमचा मुलगा स्वतःच्या पायांवर चालेपर्यंत घेणार नाही असं मांढरदेवीला काळूबाईपुढं बोललेत. रात्रपाळीला सुद्धा कोमट पाणी पितात. आईने फोन ठेवला, पदराने चष्मा पुसला आणि म्हणाली, "आता तू सांगतोस का मी सांगू?"

तर दत्ता, माझा अपघात झाला नव्हता.

पाम बीच रोडला ऑइल सांडलेलं नव्हतं आणि मी घसरलो नव्हतो. बाईक खाली उभी आहे, धूळ सोडून तिला काही झालेलं नाही. तू पोलीस, तू लगेच विचारलंस पंचनामा कुठल्या ठाण्यात झाला, मी बोलतो तिथं. मी म्हटलं, समोर गाडीच नव्हती, कसला पंचनामा. मग तू विचारलंस, हेल्मेट होतं ना? होतं म्हणालो. न झालेल्या अपघातात हेल्मेट मात्र घातलं मी, तुला बरं वाटावं म्हणून.

झालं ते असं. ३ फेब्रुवारीला डॉक्टरांनी माझ्या दोन्ही पायांची गुडघ्याखालची हाडं कापली. मी सांगितलं म्हणून, माझ्या पैशाने. पाच सेंटिमीटर उंची वाढवायला.

आता शिवी दे आणि पुढं वाच.

तुला २०११ ची भरती आठवत असेलच. १६५ सेंटिमीटर लागत होते आणि मी १६१. कुणीतरी सांगितलं होतं की रात्रभर आडवं राहिलं तर सकाळी सेंटिमीटरभर उंची जास्त भरते. ते खोटं नाही, मणक्यामधल्या चकत्या दिवसभर दबतात आणि झोपेत फुगतात. म्हणून पहाटेच्या एसटीत तू मला मागच्या लांब सीटवर झोपवलंस, कंडक्टरला सांगितलंस की याला ताप आहे, आणि स्वतः साताऱ्यापर्यंत उभा आलास. मैदानावर तो मापवाला डोक्यावर पट्टी टेकवून ओरडला, "एकशे बासष्ट, बाजूला!" एक सेंटिमीटर मिळाला होता बघ तुझ्या एसटीतल्या झोपेचा. तू आत गेलास. मी गेटबाहेर तुझी पिशवी सांभाळत बसलो.

त्या दिवसाचा सल धरून हे केलं असं समजू नकोस. लग्नासाठी केलं हेही नाही, जरी बायोडाटामधला उंचीचा रकाना बघून परत गेलेली स्थळं आईने बोटांवर मोजली आहेत. लोकांना कारण लग्नाचं सांगितलं की पटकन पटतं. खरं म्हणजे असं एक कारण नाहीच. लोकलमध्ये वरची कडी हाताला न लागणं, ग्रुप फोटोत न विचारता पुढे बसवलं जाणं, बारा वर्षं नोकरी करून नवीन आलेल्या पोराने खांद्यावर कोपर टेकवणं. तू बारक्या म्हणतोस त्याचा कधी राग आला नाही. बाकीच्यांचा यायचा, आणि मी हसायचो. त्या हसण्याचा कंटाळा आला म्हण.

साडेनऊ लाख लागले. मेडिक्लेमवाले असल्या ऑपरेशनला हात लावत नाहीत, एक रुपया नाही. फ्लॅटसाठी साठवलेले होते. आधी मानसोपचारवाल्या मॅडमकडे दोनदा बसवलं. त्यांनी विचारलं, पाच सेंटिमीटर वाढून कोणी ओळखलंच नाही तर? मी म्हटलं, मला कळेल ना. हे उत्तर पाठ करून गेलो होतो.

ते कसं करतात ते तुला सांगतोच, तुला यंत्रांची आवड. नडगीचं हाड मधून कापतात, आतल्या पोकळीत सळई घालतात आणि बाहेरून स्टीलच्या रिंगा. रिंगांना तारा आणि खिळे, ते कातडीतून थेट हाडात. आठवडाभर नुसतं पडून राहायचं, कापल्या जागी हाड जुळायला सुरुवात झाली पाहिजे. मग त्याला जुळू द्यायचं नाही. रिंगांमधल्या दांड्यांचे नट दिवसातून चार वेळा पाव-पाव आटा फिरवायचे, एका वेळी पाव मिलिमीटर, दिवसाचा एक. ओढल्या जागेत शरीर नवीन हाड भरत जातं. भरेल त्यापेक्षा वेगाने ओढलं तर फट राहते, हळू ओढलं तर मधेच पक्कं होऊन बसतं. पाना लागतो दहा नंबरचा. हो, तोच, गॅरेजमधला.

सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी सहा, रात्री बारा. पहिल्या दिवशी आई देवघरात जाऊन बसली. पंधरा दिवसांनी तीच पाना घेऊन यायची, "सरक, तुझा हात थरथरतो." कालनिर्णयवर दुधाच्या हिशोबाशेजारी माझ्या पायाचा हिशोब. दूध दीड, पाय एक.

एका रात्री झोपेत एक नट उलटा फिरवला. सकाळपर्यंत घामाघूम, वाटलं सगळं बसलं. डॉक्टर हसले. म्हणाले, ही विद्याच उलट्या फिरवलेल्या नटातून आली असं सांगतात. सायबेरियात कुर्गान गावी इलिझारोव्ह नावाचे डॉक्टर होते, १९५० च्या दशकातली गोष्ट. त्यांनी रिंगांची चौकट केली ती हाडाचे तुकडे जवळ दाबायला. एका रुग्णाने नट उलटे फिरवले, तुकडे लांब गेले, आणि मधल्या फटीत नवीन हाड दिसलं. पुढे उंच उडीतला ऑलिम्पिक विजेता ब्रुमेल, १९६४ चं टोकियोचं सुवर्णपदक त्याचं, वर्षभरात मोटारसायकलवर पायाचा चुराडा करून बसला, तोही अनेक ऑपरेशनं फसल्यावर त्यांच्याकडेच गेला. त्याचा अपघात मात्र खरा होता.

हे सगळं शोधलं होतं मोडलेल्या, सडलेल्या, वाकड्या पायांसाठी, हे मला आधी माहीत होतं. पण माहीत असणं वेगळं आणि शेजारच्या कॉटवर बघणं वेगळं. उरणकडचा मुलगा होता, सतरा वर्षांचा. डंपर गेला होता पायावरून. हाडाचा मोठा तुकडाच नाही, तो भरायला वरचं हाड कापून मिलिमीटर मिलिमीटर खाली आणणार होते. त्याच रिंगा, तोच पाना. फक्त त्याच्या एका पायाला, माझ्या दोन्ही. त्याचे वडील दोन पाय बघून हळहळले. "साहेब, तुमचं कुठं झालं?" मी म्हटलं, पाम बीचला. तुला सांगितलेलंच तोंडात बसलं होतं. त्यांनी खिशातून पुडी काढली आणि पोराच्या कपाळाला लावलेला अंगारा मला लावला. दत्ता, नंतर खूप दुखलं, पण त्या अंगाऱ्याइतकं काही चरचरलं नाही.

दुखणं कसं होतं ते विचारशील. टाके वगैरे आठ दिवसांत विसरायला होतं. त्रास पोटरीचा. हाड वाढतं, पण पोटरीला कोण सांगणार? ती आहे तेवढीच राहू बघते आणि टाच वर ओढते. महिन्याभरात टाच टेकेना. मग रोजचे चार पाव-आटे तीनवर आणले, पाऊण मिलिमीटर. फिजिओवाली मुलगी पंचविशीतली, हाताने कुस्तीगीर. तळव्याला टॉवेल अडकवून दहा मिनिटं ओढायची आणि वर तिच्या लग्नाच्या खरेदीचं सांगायची. रात्री पाय साच्यात बांधून, उताणाच. कुशीवर वळणं किती मोठं सुख असतं ते अडीच महिने मिळालं नाही तेव्हा कळलं. सूज उतरवणाऱ्या नेहमीच्या गोळ्या चालत नव्हत्या, त्या नवीन हाडाच्या आड येऊ शकतात म्हणे. एका खिळ्याच्या तोंडाशी पू झाला, ताप आला, आठवडा त्यात गेला. पॅन्ट शक्य नव्हती, अप्पांची जुनी धोतरं फाडून लुंग्या केल्या. आणि तेहतिसाव्या वर्षी आईने पॉट द्यायचा. यावर जास्त लिहीत नाही.

आमची बिल्डिंग सिडकोची जुनी, लिफ्ट नाही, आम्ही तिसऱ्या मजल्यावर. मंडळाच्या चार पोरांनी प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून वर नेलं. जिन्यात "गणपती बाप्पा मोरया" करत होती कार्टी. दर एक्स-रेला खाली, परत वर. एकाने एकदाही पेट्रोलचे पैसे घेतले नाहीत. दुसऱ्या मजल्यावरच्या मावशी रोज पायाचं सूप, म्हणजे बोकडाच्या, आणून द्यायच्या. खोटं बोलल्यावर एवढं प्रेम मिळतं हे कुणी आधी सांगत नाही. खरं सांगितलं असतं तर त्या सूपातलं किती उरलं असतं? थोडं उरलं असतं असं आई म्हणते. मला नाही वाटत.

पाडव्याला गुढी आईने एकटीने उभारली. मी खिडकीशी रिंगांत पाय पसरून. काठी खिडकीला बांधता बांधता ती म्हणाली, "तुझे वडील तुझ्याएवढेच होते. मला कधी कमी वाटले नाहीत." एवढंच. सहाला पाना घेऊन आलीच.

एप्रिलच्या मध्यावर रिंगा काढल्या आणि आतली सळई स्क्रूने पक्की केली. एक्स-रेवर कापलेल्या जागी आधी नुसता ढग दिसायचा, मग तो दाट होत गेला. मे महिन्यात वॉकर, जूनपासून दोन कुबड्या, ऑगस्टमध्ये एक काठी. यंदा विसर्जनाला मंडळाच्या टेबलाशी खुर्ची टाकून पावत्या फाडल्या. सळई काढायला पुढे आणखी एक ऑपरेशन आहे.

आता गंमत ऐक. १६६ भरलो, आईने दाराच्या चौकटीवर पेन्सिलने खूण केलीय. आणि कुणालाही कळलेलं नाही! ऑफिसात गेलो ऐरोलीला, तर सगळ्यांचं एकच, बारीक झालास, लंगडतोस अजून, जपून चालव गाडी. मॅडमचा प्रश्न खरा ठरला आणि माझं पाठ केलेलं उत्तर अर्धंच खरं. एका माणसाने ओळखलं फक्त, मार्केटातल्या शिंप्याने. पॅन्टचं माप घेतलं, वही बघितली, परत टेप लावली. "साहेब, मागच्या वेळी मी चुकलो वाटतं, दोन इंच कमी लिहिलंय." मी म्हटलं, चुकला असाल. त्याच्याशीही खोटंच.

पस्तावा होतो का, हे तू विचारणारच. जिना उतरताना होतो. लोकलमध्ये कडी धरली तेव्हा नाही झाला. धरली, सुटी काठी काखेत, आणि वाशीपर्यंत उगाच धरून उभा राहिलो, समोर सीट रिकामी असताना. भरतीत आज उभं केलं तर १६५ पार करीन. पण वय उलटलं, आणि धावायला सांगितलं तर पहिल्या फेरीतच बसेन. कुणी विचारलं करू का, तर मी कर म्हणणार नाही. मी केलं नसतं तर बरं झालं असतं असंही मला म्हणवत नाही. तुला पटणार नाही, तू पाच फूट सात.

तू अपघातासाठी म्हणून तीस हजार पाठवले होतेस. पोरीच्या शाळेची फी भरायचा महिना होता तो, वहिनी परवा बोलून गेल्या. मी ते घेतले. नको म्हटलं असतं तर तुला संशय आला असता, असं तेव्हा मनाशी म्हटलं. खरं तर फिजिओला कमी पडत होते. आज सकाळी तुझ्या खात्यावर टाकलेत. परत पाठवलेस तर मी काठी टेकत साताऱ्याला येईन आणि तुझ्या ठाण्यात सगळ्यांपुढे तुझ्या टेबलावर ठेवीन.

आणि चहाचं. आई म्हणते, अपघात खोटा असला तरी तू देवीशी खरं बोलला आहेस, ते पाळायलाच हवं. तू म्हणाला होतास, स्वतःच्या पायांवर चालेपर्यंत. तर मी चालतोय, काल सेक्टरच्या बागेला एक फेरी मारली. काठी अजून आहे, महिना-दीड महिना राहील म्हणतात. नवस बोलताना काठीचं काही बोलला होतास का ते नीट आठव. नसशील बोलला, तर वहिनींना आधण ठेवायला सांग.

तुझा,
बारक्या