चाळीस दिवस शरीराचे नव्हेत, गल्ल्याचे

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला फ्रान्झ काफ्का या लेखकाच्या 'अ हंगर आर्टिस्ट' (उपासाचे खेळ करणारा कलावंत) या कथेवरचा लेख वाचला. मांडणी सुरेख, फोटो मोठा. लेखकमहाशयांनी कथाही वाचली असती तर सोन्याहून पिवळे झाले असते.

पिंजऱ्यात बसून उपास करणारा माणूस ही म्हणे काफ्काची 'भयाण कल्पना'! अहो, 1880 साली न्यूयॉर्कच्या क्लॅरेंडन हॉलमध्ये डॉ. हेन्री टॅनर यांनी लोकांसमोर चाळीस दिवस काढले. 1890 मध्ये लंडनच्या रॉयल ॲक्वेरियममध्ये जियोव्हानी सुच्चीने तेवढेच. कथा 1922 ची. तोवर हा उपासाच्या खेळांचा धंदा बसला होता, आणि कथा सुरूच तिथून होते.

त्याहून कहर म्हणजे 'चाळीस दिवस ही मानवी देहाची मर्यादा' हे वाक्य. कथेत ही मर्यादा मॅनेजर घालतो. जाहिरात करून शहराला चाळीस दिवस खेळवता येते, पुढे गर्दी आटते, हा त्याचा अनुभव. उपास करणाऱ्याला तर थांबायचेच नसते! देहाचा हिशेब निराळा. यकृतातली साखर साधारण दिवसभरात संपते, मग स्नायू झिजू लागतात. आठवड्याभरात मेंदूही बराचसा चरबीपासून बनणाऱ्या कीटोनवर चालू लागतो आणि भुकेची धार कमी होते. अंगात 12 किलो चरबी, किलोमागे सुमारे 9000 कॅलरी, रोजचा खर्च 1500 धरा. भागाकार लेखकांनीच करावा. अर्थात पाणी हवे, आणि प्रथिनांची झीज चालूच राहते, म्हणून कागदावरचे सगळे दिवस पदरात पडत नाहीत. तरी क्रांतिकारक जतींद्रनाथ दास 1929 मध्ये लाहोरच्या तुरुंगात उपोषण करून 63 दिवस झुंजले, तेही नळीने बळेच दूध पाजताना फुप्फुसाला इजा झालेली असताना.

पहारेकऱ्यांनी विजेरीचा झोत मारून 'छळ' केला, असेही लिहिले आहे. उलट आहे हो! ते त्याला आवडते पहारेकरी. त्याच्या मनाला लागतात ते कोपऱ्यात पत्ते कुटत बसणारे, त्याने गुपचूप काही तोंडात टाकावे म्हणून मुद्दाम पाठ फिरवणारे. म्हणजे 'हा चोरून खातच असणार' हा संशय तोंडावर फेकल्यासारखा. ही एक जागा हुकली की सगळी कथा हुकली.

जाता जाता, त्याच पानावरच्या आरोग्य चौकटीबद्दल. 'सात दिवस केवळ पाण्यावर, आठव्या दिवशी श्रीखंड-पुरीने पारणे' हा सल्ला कोणी तपासला? पाच दिवसांहून जास्त पोट रिकामे असेल, तर एकदम साखर पोटात गेल्यावर इन्सुलिन उसळते, रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम पेशींत ओढले जाते आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. पहिले दोन दिवस गरजेच्या निम्म्याहून जास्त खायचे नसते. त्याआधी ब-1 जीवनसत्त्व, आणि हे सारे डॉक्टरांच्या देखरेखीखाली. काफ्काबद्दलची दुरुस्ती सवडीने छापा. ही मात्र उद्याच, आणि चौकट होती तेवढ्याच आकारात.

आपला,
एक जुना वर्गणीदार, मिरज