सोहळ्याआधी तांब्याचा पाइप घ्या

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

१ जुलैला रोटरी आणि लायन्स क्लबांचं नवं वर्ष सुरू होतं. पदग्रहण सोहळ्यांच्या बातम्यांत ‘बेरोजगार तरुणांना कौशल्य प्रशिक्षण’ हा संकल्प हमखास असतो. संकल्प मोलाचा आहे. तो तडीस जावा असं मनापासून वाटतं, म्हणून एसी-फ्रीज दुरुस्तीच्या वर्गाचं उदाहरण घेऊन लिहितो. दापोलीपासून मालवणपर्यंत होमस्टे वाढले तसे एसी वाढले, आणि फेब्रुवारी ते मे या दिवसांत मेकॅनिकला श्वास घ्यायला फुरसत नसते.

आधी वेळापत्रक. जूनमध्ये बॅच घेतली तर मुलं लावणीत असतात, एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या बागेत, आणि गणपतीत कोणी फिरकत नाही. भातकापणी आटोपली की नोव्हेंबरात सुरू करून जानेवारीअखेर संपवावी. शिकलेला मुलगा किंवा मुलगी थेट सीझनमध्ये उतरते. क्लबचं वर्ष ३० जूनला संपत असल्यामुळे सगळं काम एकाच अध्यक्षांच्या कारकिर्दीत बसतं, पण त्यासाठी निर्णय जुलैच्या मीटिंगमध्येच व्हायला हवा. वर्ग शेवटच्या एसटीच्या आधी सुटलाच पाहिजे, नाहीतर आडगावची मुलं पंधरवड्यात गळतात.

मग पैसा. देणगीचा मोठा भाग यंत्रांवर जातो, कारण यंत्रावर देणगीदाराचं नाव लिहिता येतं. सरावात संपणाऱ्या मालाला कोणी वाली नसतो, आणि हात तर त्याच मालावर बसतो. दीड टनाच्या बहुतेक स्प्लिट एसीला दोन सुती आणि चार सुती (पाव आणि अर्धा इंची) तांब्याचा पाइप लागतो. पाइप हॅक्सॉने न कापता कटरने कापायचा, तोंड खाली धरून आतली कड साफ करायची म्हणजे कीस आत पडत नाही, नट आधी चढवायचा आणि मगच फ्लेअर पाडायचा, म्हणजे पाइपाचं तोंड फाकवायचं. नवशिके नट विसरतात किंवा स्क्रू इतका आवळतात की फ्लेअर चिरतो. तिथूनच महिन्याभरात गॅस जातो. किमान चाळीस फ्लेअर पाडल्याशिवाय हाताला अंदाज येत नाही. एका फ्लेअरमागे १० सेंटिमीटर पाइप धरला तरी एका विद्यार्थ्यामागे ४ मीटर होतो. बारा जणांच्या बॅचला १५ मीटरच्या चार गुंडाळ्या लागतात, ब्रेझिंगचा, म्हणजे ज्योतीने सांधे जोडण्याचा, सराव धरून. हे बजेटात आधी लिहा.

ड्राय नायट्रोजनचं सिलिंडर आणि रेग्युलेटर यात काटकसर नको. ब्रेझिंग करताना पाइपातून नायट्रोजनची हलकी धार सोडली नाही तर आत काळी खपली धरते आणि पुढे कॅपिलरी, म्हणजे गॅसची बारीक नळी, चोक होते. लीक तपासायलाही नायट्रोजनच. ऑक्सिजन भरून प्रेशर टेस्ट करणं जिवावरचं आहे, कॉम्प्रेसरच्या तेलाशी गाठ पडली की स्फोट होतो. हे पहिल्या आठवड्यात शिकवा आणि परीक्षेत पुन्हा विचारा. गॅस मारून हवा बाहेर काढायची खोडही इथेच मोडावी: हल्लीच्या बऱ्याच एसीतला आर-३२ गॅस पेट घेऊ शकतो, आणि आपल्या दमट हवेतली ओल आत राहिली की तेलात आम्ल तयार होऊन कॉम्प्रेसरचं वाइंडिंग जळतं. व्हॅक्यूम पंप निदान अर्धा तास चालवायचा, मग बंद करून मीटरवरचा दाब पुन्हा चढतो का ते बघायचं.

आपल्याकडच्या काही गोष्टी छापील अभ्यासक्रमात नसतात. जांभ्याच्या भिंतीत साधा अँकर फास्टनर ढिला होतो, कारण दगड सच्छिद्र असतो. आउटडोअर युनिटच्या स्टँडला आरपार बोल्ट आणि मागून पट्टी लागते. समुद्राकडे तोंड केलेल्या युनिटच्या फिन्स खाऱ्या वाऱ्याने झडतात, ते आडोशाला बसवून गोड्या पाण्याने धूत राहावं लागतं. उन्हाळ्यात जांभ्याची जमीन कोरडी पडली की अर्थिंग कमजोर होतं, म्हणून मुलांना अर्थ रेझिस्टन्स मोजायला शिकवा.

सगळ्यात अवघड आहे ते प्रमाणपत्रानंतरचं. मेकॅनिक मुलगा ठेवायला कचरतात, उद्या हाच आपली गिऱ्हाइकं नेईल या भीतीने. ती भीती खोटी नाही. गुहागरच्या मुलाला सीझनभर चिपळूणच्या मेकॅनिककडे ठेवलं तर हा प्रश्न बराच सुटतो. मेकॅनिकची लेखी संमती प्रवेशाआधीच घ्या, आणि फेब्रुवारी ते मे विद्यावेतनाचा निम्मा भार क्लबने उचलावा, मेकॅनिकची सही असलेली कामाची डायरी बघून. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत विद्यावेतन आहे, पण त्याला किमान बारावी किंवा आयटीआय पास लागतं. या धंद्यात येणारी अनेक मुलं दहावीतच थांबलेली असतात.

निघताना प्रत्येकाला कटर, फ्लेअरिंग टूल, दोन पाने, ॲलन की सेट आणि वीजप्रवाह मोजायचा क्लॅम्प मीटर द्यावा. व्हॅक्यूम पंप, नायट्रोजन आणि गॅसचा दाब दाखवणारा गेज मॅनिफोल्ड एकेकट्याला परवडत नाही. ते क्लबने तालुक्याच्या ठिकाणी ठेवून अनामत रकमेवर वापरायला द्यावं. पंपाचं तेल पावसाळ्यात ओल धरून दुधी होतं आणि वरचेवर बदलावं लागतं, त्याचे पैसे मावळत्या अध्यक्षांनी पुढच्या वर्षासाठी बाजूला काढून जावेत.

आपला,
एक निवृत्त शिल्पनिदेशक (आयटीआय), रत्नागिरी